चौदा कॅसेटी, अभिषेकीबुवा आणि नवी पेठेतलं दुकान

दुकानाचं नाव सांगत नाही. एक तर तक्रार करायची आहे, आणि तक्रार ऐकून त्या पोरानं सगळं काम परत करून दिलं, तेव्हा नाव घेऊन बोलणं बरं दिसत नाही. सोलापूरच्या नवी पेठेतली एक गल्ली, खाली चादरी-टॉवेलवाला, बाजूनं लोखंडी जिना आणि वर लग्नाचे व्हिडिओ जोडून देणाऱ्याची खोली. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दोन जुने डेक मांडून तो कॅसेटी कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर उतरवून देतो. जिना उभा आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच फोन करा, तो पिशवी न्यायला उतरतो.

दर असे: साठ मिनिटांच्या कॅसेटीला 120 रुपये, नव्वदच्या कॅसेटीला 160, बुरशी काढायचे वर 50. पेनड्राइव्ह आपला. पुण्यात चौकशी केली होती, तिथं याच्या दुप्पट सांगत होते, शिवाय कॅसेटी कुरिअरनं पाठवा म्हणत होते. आण्णांच्या कॅसेटी मी कुरिअरनं पाठवणार नव्हते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे पन्नाशीच्या आतच कान गेले. पूर्ण नाही, पण घरात त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं. अशा माणसाला नाट्यसंगीताचं वेड. रेडिओवर नाटकाची पदं लागली की टेपरेकॉर्डर रेडिओला चिकटवायचे आणि आवाजाचा काटा लाल पट्टीत जाईपर्यंत बटण फिरवायचे. त्यांना तेवढंच ऐकू यायचं. म्हणून या चौदापैकी निम्म्या कॅसेटींत वरचा सूर फाटलेला आहे. दुकानातल्या पोरानं स्क्रीनवर दाखवलं, लाटेची डोकी सुरीनं कापल्यासारखी सपाट. "काकू, हे कुणालाच नीट करता येत नाही. भरतानाच गेलंय ते." खरं बोलला. दुसऱ्या एकानं 'क्लीन करून देतो' म्हणून माझ्याकडून पैसे काढले असते.

चौदातल्या अकरा कॅसेटी जितेंद्र अभिषेकींच्या चालींच्या. उरलेल्या तीनमध्ये बालगंधर्व, छोटा गंधर्व आणि एका भावाच्या लग्नातला बँड.

आता अभिषेकींबद्दल सांगितल्याशिवाय माझी तक्रार कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलंय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

1929 साली गोव्यात मंगेशीला जन्म. घराणं नवाथ्यांचं, देवळात अभिषेक करायचे म्हणून अभिषेकी. वडील कीर्तनकार. मला वाटतं पुढचं सगळं इथूनच आलं. कीर्तनात काय नसतं? अभंग असतो, श्लोक असतो, साकी-दिंडी असते, मध्येच विनोद, मध्येच आख्यान, आणि बुवा एकातून दुसऱ्यात कधी गेले ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. कळलं तर तो बुवा कच्चा. ज्या पोराच्या कानावर घरातच हे पडलं, त्याला 'ही शास्त्रीय, ही सुगम, ही नाटकातली' अशा खणांच्या कपाटाचं काय कौतुक? पुढं तो जगन्नाथबुवा पुरोहितांकडे आग्रा गायकी शिकला, अजमत हुसेन खाँसाहेबांकडे शिकला, आणखीही गुरू केले. संस्कृतची पदवी घेतली. मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी केली, तिथं कोकणी गाणी बांधली. एका घराण्याच्या खुंटीला गळा टांगून ठेवला नाही.

मग 1964. गोवा हिंदू असोसिएशननं वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' केलं, संगीत अभिषेकींचं. तोवर संगीत नाटक म्हणजे काय होतं, तर आजोबांनी सांगायचे किस्से. रात्रभर चालणारा प्रयोग, एकेका पदाला पाच-पाच वन्स मोअर, नाटक तिथंच थांबलेलं आणि नायक मैफल मारतोय. साठच्या दशकात हे कुणाला परवडणार? सकाळी सातची पाळी असलेल्या जॉबरला तर नाहीच. अभिषेकींनी पद आवरतं घेतलं. राग आहे पण त्याचा विस्तार नाही, तान आहे पण ती शब्दाला आडवी येत नाही. रामदास कामतांचं 'देवाघरचे ज्ञात कुणाला' ऐका, आशालतांचं 'अर्थशून्य भासे मज' ऐका. भावगीत म्हणावं तर त्यात ख्यालाचा पिळ आहे, आणि ख्याल म्हणावा तर रिक्षावालाही गुणगुणतो.

पुढची चार वर्षं बघा. 1966 मध्ये शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी'. त्याच वर्षी कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली', ज्यात राग वगैरे बाजूला ठेवून माणसं बोलता बोलता गायला लागतात आणि गाता गाता परत बोलायला लागतात. 1967 मध्ये दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली'. 1968 मध्ये रणजित देसाईंचं 'हे बंध रेशमाचे', त्यातलं शांताबाई शेळक्यांचं 'काटा रुते कुणाला' बुवांनी स्वतः गायलं. हे सगळं एकाच माणसाचं आहे हे न सांगता कुणाला ऐकवलं, तर तो चार वेगळे संगीतकार मोजेल.

आण्णांचं एकच वाक्य होतं याच्यावर. "गडी सांधा दिसू देत नाही." मिलमध्ये ताण्याचा धागा तुटला की सांधायचा असतो, आणि गाठ कापडावर दिसली तर माल दुय्यम ठरतो. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नसे.

तर माझी तक्रार बरोबर या सांध्यांची आहे.

आठ दिवसांनी पहिल्यांदा पेनड्राइव्ह मिळाला. घरी येऊन टीव्हीला लावला. फाइली किती असाव्यात? दोनशे एकोणीस. 'ट्रॅक वन', 'ट्रॅक टू' असं करत दोनशे एकोणीसपर्यंत. सॉफ्टवेअरला म्हणे सांगून ठेवलेलं असतं, की अर्धा सेकंद शांतता आली की गाणं संपलं समजायचं आणि तिथं कापायचं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांना हे चालत असेल. 'लेकुरे'तला नायक वाक्य बोलतो, श्वास घेतो, आणि त्याच श्वासावर गाणं सुरू होतं. सॉफ्टवेअरनं तो श्वासच कापला. बोलणं एका फाइलीत, गाणं दुसऱ्या फाइलीत, आणि मध्ये टीव्ही दोन सेकंद 'लोडिंग' दाखवतोय. गोष्टीच्या पुस्तकाचं पान सुटं होऊन पडावं तसं.

'कट्यार'चं याहून वाईट. ती कॅसेट रेडिओवरची नाही. आण्णांनी हुतात्मा स्मृती मंदिरातल्या प्रयोगाला मागच्या रांगेत बसून, उपरण्याखाली टेप ठेवून भरलेली. चोरीच ती, पण आता कोण विचारतंय. त्यात 'सुरत पिया की' आहे. ही रागमाला. एका रागाच्या अंगणातून दुसऱ्या रागाच्या ओसरीवर पाऊल पडतं, आणि पडताना गाणारा क्षणभर थबकतो. ते थबकणं म्हणजेच तर चाल. आमच्या पेनड्राइव्हवर 'सुरत पिया की'चे पाच तुकडे झाले होते, आणि त्यातला तिसरा अकरा सेकंदांचा.

आणि 'घेई छंद मकरंद' एकदाच. दोनदा असायला हवं. फोन केला, तर म्हणाला, "काकू, ते डुप्लिकेट होतं ना, कव्हरवर दोनदा एकच नाव. मी एक उडवलं."

मला हसावं की रडावं कळेना. अहो, ते नाटकच त्या दोन 'घेई छंद'वर उभं आहे! पंडितजींची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी, दोन घराण्यांचं भांडण; ते संवादांनी किती सांगणार? अभिषेकींनी शब्द तेच ठेवले आणि चाली दोन केल्या. एक प्रसाद सावकारांची, एक वसंतराव देशपांड्यांची. त्यातली एक सालगवराळीत आहे, आणि तो राग आपल्याकडे रुजवण्याचं श्रेय जाणकार अभिषेकींनाच देतात. शाळेत मुलांना 'तुलना करा' म्हणून दहा गुणांचा प्रश्न घालतो ना आपण, तो या माणसानं रंगमंचावर गाऊन सोडवला. आणि आमच्या पोरानं त्यातलं अर्धं उत्तर डुप्लिकेट म्हणून खोडलं.

तिसरी गोष्ट साफसफाईची. कॅसेटीची खरखर काढायला एक फिल्टर असतो. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे कचरा, असं त्याला वाटतं. तानपुराही सतत एकसारखाच वाजतो. त्यामुळे तानपुरा गेला, आणि ऑर्गनचा धरलेला सूर नळातून आल्यासारखा बुडबुडत राहिला. वन्स मोअरच्या आरोळ्याही चेपल्या.

नळावरून आठवलं. 'मत्स्यगंधा'च्या कॅसेटीत, 'देवाघरचे' ऐन रंगात असताना आमची आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, पाणी आलंय!" आण्णांनी त्या कॅसेटीच्या कव्हरवर आपल्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'मत्स्यगंधा. चांगले. मधे पाणी.' पोरानं ते पाणीही कापलं होतं. 'डिस्टर्बन्स होता' म्हणाला. गाण्याची एक ओळ पाण्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी जिना चढले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण पोरानं आधी खुर्ची दिली, मग चहा सांगितला, मग म्हणाला, "मूळ फाइली आहेत की काकू माझ्याकडे. कच्चा माल मी टाकत नसतो." इथं मला त्याचं कौतुक वाटलं. एवढं जो पाळतो, त्याच्या बाकी चुका दुरुस्त होतात. त्याचे वडील यंत्रमागावर, पूर्व भागातले, घरी तेलुगू. तिशीचा असेल. अभिषेकी हे नाव त्यानं आधी ऐकलेलं नव्हतं. 'कट्यार' म्हटल्यावर मात्र ओळखलं. 2015 चा सिनेमा बघितला होता. त्याला वाटत होतं ही गाणी सिनेमासाठीच केलेली. सिनेमात शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली ती वेगळी, पण जी मुळातली ती 1967 ची, हे सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे माझे वडील पण जन्मले नव्हते."

मग त्याला म्हटलं, बस, ऐक. एक 'घेई छंद' त्याच्या कच्च्या मालातून, दुसरं माझ्या मोबाइलवर. हेडफोन लावून दोन्ही ऐकलं. काही बोलला नाही. खुर्ची फिरवून उडवलेली फाइल परत घेतली आणि नाव काय द्यायचं विचारलं.

'कट्यार'मधल्या झरीनाचं 'लागी करेजवा कटार' लागलं तेव्हा मी सांगितलं, नाटकात हे गायलेल्या फैय्याज आपल्या सोलापूरच्या. हे मात्र त्यानं लगेच फोनवर कुणाला तरी कळवलं. अभिषेकींच्या चालीत सोलापूरचा गळा आहे, ही गोष्ट आपल्या गावात जेवढी सांगायला हवी तेवढी कुणी सांगत नाही. शेंगाचटणीबद्दल सांगतात.

'हे सुरांनो चंद्र व्हा' सुरू झालं, तसा तो थांबला. म्हणाला, हे आमच्यातलं वाटतंय. मार्कंडेय मंदिरात त्याचे चुलते तेलुगू भजन म्हणतात, त्यात असलंच एक आहे म्हणे. मी चुलत्यांचं भजन ऐकलेलं नाही, पण पोराचा कान खोटा नव्हता. हे पद चारुकेशीत आहे, आणि चारुकेशी मूळचा कर्नाटक संगीतातला. शिरवाडकरांचे शब्द नाशिकचे, चाल बांधणारा मंगेशीचा, राग दक्षिणेतला, आणि नवी पेठेत एका तेलुगू पोराला तो घरचा वाटला. सोलापूरला यात नवल वाटायला नको. एका गल्लीत तीन भाषांत भाजी घेणारं गाव आपलं. पेशवाईतला आपला राम जोशी संस्कृत पेलून लावण्या रचत होता, पुढं कीर्तनात गेला. कपाटाचे खण आपल्याकडे आधीपासूनच उघडे आहेत.

दुरुस्तीचं काम पाच दिवसांत झालं. आता काय मिळालं ते लिहिते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगून टाकाल.

एक, कापाकापी नाही. कॅसेटीची एक बाजू म्हणजे एक फाइल, सलग. गाणं शोधायला पुढं-मागं करावं लागतं, करावं. त्यानं वेगळ्या कागदावर कुठलं पद कितव्या मिनिटाला ते छापून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. 'यतिमन' या पदाचं 'यति मान' झालंय, बाकी शुद्धलेखन ठीक.

दोन, फिल्टर नाही. खरखर आहे. तानपुराही आहे. तिसऱ्या मिनिटानंतर खरखर कानाला लागत नाही, हा माझा अनुभव.

तीन, एमपीथ्रीबरोबर मोठ्या वेव्ह फाइलीही मागून घेतल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट साधारण साडेनऊशे एमबी होते. बारा कॅसेटींचे मिळून साडेआठ जीबी झाले, 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसतात. एमपीथ्री ऐकायला, वेव्ह ठेवायला.

चार, पट्टी. हे मी सांगितल्याशिवाय त्याच्या लक्षात येणार नव्हतं. 'काटा रुते कुणाला'त बुवांचा आवाज पोरसवदा वाटत होता. घरची पेटी काढून सूर धरला आणि मोबाइलवरच्या गाण्याशी ताडून बघितला, तर आमची कॅसेट अर्धा सूर चढी. कारण असं निघालं, की आण्णांच्या टेपचा पट्टा सैल झाला होता, तो हळू फिरायचा. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं नीट फिरणाऱ्या डेकवर लावलं की पळतं. पोरानं मूळ ध्वनिमुद्रिकेशी मिळवून तो वेग उतरवला. दोन कॅसेटींना हे करावं लागलं. तुमच्याकडेही एखादा ओळखीचा आवाज बारीक किंवा घोगरा वाटला, तर लगेच सांगा.

पाच, डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग. प्रत्येक कॅसेटीला त्याचा बारीक स्क्रू फिरवून आवाज उजळ करावा लागतो. पहिल्या वेळी त्यानं आळस केला होता, दुसऱ्या वेळी माझ्यासमोर केलं. फरक झाकण काढल्यासारखा. हे आवर्जून करून मागा.

पैसे 1610 झाले, त्यानं 1600 घेतले. दुरुस्तीचे वेगळे नाहीत. पाचात किती म्हणाल तर पहिल्या खेपेला दोन, दुसऱ्या खेपेला साडेचार. अर्धा जिन्याचा कापला.

वाईट एवढंच वाटतं, की त्या खोलीत रोज असल्या पाच-सहा पिशव्या येत असतील. कुणाचं कीर्तन, कुणाचा भारूडाचा फड, कुणाच्या आजीच्या ओव्या. सगळ्यांना तोच अर्धा सेकंदाचा नियम. ज्यांना आपल्या कॅसेटीत काय आहे ते ठाऊक नाही, ते दोनशे एकोणीस तुकडे घेऊन खुशाल घरी जात असतील.

1988 साली अभिषेकींना पद्मश्री मिळाली तेव्हा आण्णांनी पेढे आणले होते, असं आई सांगते. मला ते पेढे माझ्या भावाच्या नोकरीचे आठवतात. 1998 मध्ये बुवा पुण्यात गेले, तोवर आण्णांना रेडिओही ऐकू येत नव्हता. बातमी मी पाटीवर लिहून दाखवली. त्यांनी कॅसेटींचा डबा काढून धूळ पुसली आणि परत ठेवला.

रविवारी दुपारी आईला 'मत्स्यगंधा' लावून दिलं. चौऱ्याऐंशीची आहे, कान अजून तिखट आहेत. 'देवाघरचे' आलं, स्वतःची हाक आली, तर ती म्हणाली, "तेव्हा एक दिवसाआड यायचं गं पाणी. आता बघ." आणि उठून हंडे झाकायला गेली. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी होती.

दोन कॅसेटी राहिल्या आहेत. दोन्ही नव्वदच्या, बुरशी आतपर्यंत गेलेली, फीत एकमेकींना चिकटलेली. एकीवर 'मीरा मधुरा' लिहिलंय, दुसरीवरचं अक्षर उडालंय. जोर केला तर फीत तुटेल म्हणाला, थंडीत कोरडी होऊ दे, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की बघू. सध्या लग्नसराई आहे. सोमवारी दुकान बंद असतं. जाल तेव्हा कॅसेटीची कव्हरं टाकून देऊ नका, बरोबर न्या. त्यांवर लिहिलेलं तो आता वाचतो.